घाट सजवण्याआधी नाला अडवा : नगर परिषदेला खुलं पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष, मुख्य नगरपालिका अधिकारी आणि सर्व पार्षद,
नगर परिषद

स. न. वि. वि.

गावाचं नाव मुद्दामच लिहिलेलं नाही. इंदूरच्या खालच्या अंगाला नदीकाठी वसलेल्या कुठल्याही लहान गावाचं नाव त्या जागी घालून हे पत्र वाचता येईल. तुम्हाला मात्र ते कुणासाठी आहे हे लगेच कळेल. हिंदीतला रीतसर अर्ज तुमच्या आवक विभागात जमा आहे, शिक्का मारलेली पोच माझ्यापाशी आहे. मराठीत लिहिते आहे ते इंदूरच्या त्या मराठी घरांसाठी, ज्यांची शेतं किंवा जुने वाडे अजून तुमच्या हद्दीत आहेत, जी तिथला मालमत्ता कर भरतात आणि वर्षातून एकदा कुळाचाराला येऊन, नाकाला पदर लावून परत जातात.

मी इंदूरला शाळेत रसायनशास्त्र शिकवलं. सासर तुमच्या गावातलं. दीर अजून तिथेच राहतात, शेती बघतात. शेत नदीच्या वळणापलीकडे, स्टॉप डॅमच्या, म्हणजे लहान बंधाऱ्याच्या, खाली आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे ‘बाईंचं शेत आहे म्हणून ओरडतात’ हे वाक्य कुणाला शोधून काढावं लागणार नाही. हो, शेत आहे. म्हणूनच नकाशात निळ्या रेघेने दाखवलेला तुमचा पाइप कुठे उघडतो ते मला नकाशा न बघताही कळलं.

परिषदेने ठरवलंय की जुन्या घाटाचं सुशोभीकरण करायचं. लाल दगड, स्टीलचं रेलिंग, रंगीत दिवे आणि गावाचं नाव लिहिलेला सेल्फी पॉइंट. घाट व्हावा, माझी काही हरकत नाही. पण त्याच कामात एक कलम आहे : घाटाशेजारी नदीत उतरणारा मोठा नाला पाइपात घालायचा, पाइप पायऱ्यांखालून न्यायचा आणि वळणापलीकडे नदीत सोडायचा. शुद्ध करून नाही, जसा आहे तसा. घाटावरच्या दिव्यांना वास येऊ नये एवढाच त्या पाइपाचा हेतू. ताप उतरवायचा सोडून थर्मामीटर शेजाऱ्याच्या काखेत लावण्यासारखं हे झालं.

आता कुणी म्हणेल, वरून येणारी घाण इंदूरची, मग गावाला का बोलता? इंदूरलाही बोलते. इंदूर १९७८ पासून नर्मदेचं पाणी पितं. नर्मदाकाठच्या जालूदहून उचलून, विंध्य चढवून, सत्तरेक किलोमीटर आणलेलं हे पाणी आमच्या नळाला येतं, मोरीतून, संडासातून जातं आणि कान्ह नदीच्या वाटेने उत्तरेला निघतं. नर्मदा पश्चिमेला समुद्राला मिळते. आमचं वापरलेलं पाणी क्षिप्रा, चंबळ, यमुना करत पूर्वेच्या समुद्राकडे जातं. एवढा उलटा प्रवास आपण त्या पाण्याला घडवतो, तर निदान त्याला आंघोळ घालून पाठवावं.

इंदूरने काहीच केलं नाही असंही नाही. नदीत उघडणारे नाले अडवण्याचं मोठं काम झालं, कबीटखेडीला रोज २४५ दशलक्ष लिटर क्षमतेचं सांडपाणी शुद्धीकरण केंद्र आहे, आणि ऑगस्ट २०२१ मध्ये देशातलं पहिलं ‘वॉटर प्लस’, म्हणजे सांडपाणी शुद्ध केल्याशिवाय बाहेर न सोडणारं, शहर म्हणून इंदूरचं नाव जाहीर झालं. कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांजवळून पूर्वी जाववत नसे, त्यात फरक पडला हे मी इंदूरकर म्हणून कबूल करते. पण शाबासकी शहराच्या हद्दीत मोजली जाते आणि नदी हद्दीपाशी थांबत नाही.

पुढे उज्जैन. त्रिवेणीला, शनी मंदिराजवळ, कान्ह क्षिप्रेला मिळते. २०१६ च्या सिंहस्थाआधी कान्हचं पाणी पिपलिया राघोपासून पाइपलाइनने वळवून शहराच्या पुढे कालियादेहच्या बाजूला नेलं. ती व्यवस्था पुरी पडली नाही. आता २०२८ च्या सिंहस्थासाठी सुमारे ३० किलोमीटरचा बंद कालवा होतो आहे, त्यातला १२ किलोमीटर बोगदा, खर्च नऊशे कोटींच्या वर. तो रिकामा होणार गंभीर नदीच्या पात्रात, आणि गंभीर पुन्हा क्षिप्रेलाच मिळते, उज्जैनच्या खाली, महिदपूरच्या बाजूला. १८१७ साली होळकरांची इंग्रजांशी शेवटची मोठी लढाई झाली तेच हे महिदपूर. तिथल्या माणसांनीही क्षिप्रेतच बुडी मारायची असते, एवढं आठवून दिलं तरी पुरे.

जानेवारी २०१९ च्या शनिश्चरी अमावास्येला क्षिप्रेत पाणी नव्हतं, भाविकांना चिखलात आंघोळ करावी लागली. त्यावर जिल्हाधिकारी आणि विभागीय आयुक्त दोघांनाही हलवलं गेलं. म्हणजे मनात आणलं तर सरकार नदीवरून अधिकारी बदलू शकतं. पण तो पर्वणीचा दिवस होता. लहान गावाच्या नदीला पर्वणी नसते, तिच्यावरून कुणाची बदली होत नाही.

इंदूर उज्जैनकडे ढकलतं, उज्जैन महिदपूरकडे, आणि तुम्ही आता घाटाखालून वळणापलीकडे. पाइपाची लांबी तेवढी वेगळी. मला हे मान्य नाही, आणि का नाही ते पुढे लिहिते.

सगळ्यात आधी तुमचं सांडपाणी शुद्धीकरण केंद्र. ते आहे! गावातल्या निम्म्या लोकांना ठाऊक नाही, पण बायपासजवळ, कुंपणाच्या आत, उद्घाटनाच्या संगमरवरी दगडासकट ते उभं आहे. पाटीवर क्षमता रोज ३० लाख लिटर. हिशेब अगदी बरोबर धरलेला आहे : वीस हजार वस्ती, माणशी रोज १३५ लिटर पाणी, त्यातलं साधारण ८० टक्के सांडपाणी होतं, म्हणजे २१-२२ लाख लिटर. वाढीव वस्तीलाही जागा आहे. कागदावर चूक काढायला जागा नाही.

मी आत जाऊन पाहिलं. तिथला ऑपरेटर मुलगा सज्जन, त्याने चहासुद्धा विचारला. येणाऱ्या पाण्याच्या चेंबरला जाळी आहे, जाळीवर वाळून कडक झालेले गुटख्याचे पाऊच आणि एक लहान मुलाची चप्पल. आत येणारी धार बोटभर. हवा मिसळायची टाकी निश्चल, वर हिरवट साय. टाकीत हवा सोडणाऱ्या ब्लोअरच्या आवरणावर चिमणीने घरटं केलेलं. चालू केंद्रातला गाळ कॉफीच्या रंगाचा असतो आणि त्याला ओल्या मातीचा वास येतो, कारण त्यातले जीवाणू जिवंत असतात, हवेवर जगत असतात. हवा बंद झाली की ते मरतात, पाणी काळं पडतं आणि सडक्या अंड्याचा वास सुटतो. टाकीशी उभं राहायला मला रुमाल लागला.

मग मी रजिस्टर मागितलं. रोजच्या पानावर येणारं पाणी किती, जाणारं किती, बीओडी किती, सगळं सुवाच्य अक्षरात भरलेलं. आकडे रोज तेच, काही पानांवर तर नुसत्या ‘वरीलप्रमाणे’च्या दोन रेघा. इथे माझ्यातली मास्तरीण गप्प बसली नाही. बीओडी म्हणजे पाण्यातली घाण कुजवताना जीवाणूंना लागणारा प्राणवायू. आपल्याकडच्या प्रमाण पद्धतीत तो मोजायला नमुना २७ अंशांवर तीन दिवस ठेवावा लागतो. आणि मी गेले त्या दिवशीचा नमुना, त्या दिवशीचा आकडा, त्याच दिवशी सकाळी लिहून तयार होता. मुलाला रागावण्यात अर्थ नव्हता. ‘वरून सांगतात तसं लिहितो, मॅडम’ म्हणाला. ब्लोअर कधी चालतो? ‘साहेब लोकांचा दौरा असला की.’ विजेचं बिल परवडत नाही, जनरेटरला डिझेल नाही, आणि मुख्य म्हणजे घरांची जोडणीच झालेली नाही, कारण रस्ते खोदले तर मतदार नाराज होतात.

हे फक्त आपल्याच गावाचं नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२१ च्या आकडेवारीत देशाच्या शहरांतून रोज सुमारे ७,२३६ कोटी लिटर सांडपाणी निघतं. बांधलेल्या केंद्रांची क्षमता सुमारे ३,१८४ कोटी लिटर, आणि प्रत्यक्षात शुद्ध होतं ते सुमारे २,०२३ कोटी. या शेवटच्या दोन आकड्यांमधल्या दरीत तुमचं केंद्र पडलेलं आहे. ते बांधायचे पैसे खर्च झाले, चालवायचे कुणी धरलेच नाहीत.

दुसरी गोष्ट सेप्टिक टँकची. गावात घरोघरी संडास झाले, चांगलं झालं. पण संडासाखाली टाकी आणि टाकीचं वरचं पाणी थेट नालीत. कित्येक टाक्या बांधल्यापासून उपसलेल्या नाहीत. दर दोन-तीन वर्षांनी उपसायला हव्या असतात, नाहीतर गाळाने भरतात आणि मग टाकी असून नसल्यासारखीच. भरली की खासगी टँकरवाल्याला फोन. तो उपसतो, पैसे घेतो आणि रात्री पुलाजवळ नाल्यात पाइप सोडतो. हे पुलाजवळच्या चहावाल्याला माहीत आहे, पार्षदांना माहीत आहे, पुलाच्या कठड्यावर बसणाऱ्या पोरांना माहीत आहे.

तिसरी, शेती. इथे गोष्ट जरा गुंतागुंतीची आहे, आणि ती आहे तशीच सांगायला हवी. उन्हाळ्यात नदीत दुसरं पाणी नसतं. दीर मोटर लावतात ती याच पाण्याला. ते म्हणतात, ‘वहिनी, युरिया अर्धाच लागतो.’ खरं आहे, नाल्याच्या पाण्यात नत्र भरपूर. पण गहू वाजवीपेक्षा उंच वाढतो आणि वाऱ्याने आडवा होतो. पाणी धरणाऱ्या मजुरांच्या पायांना खाज सुटते, ते रात्री पायांना खोबरेल लावून बसतात. पालक, कोथिंबीर, मेथी याच पाण्यावर होते आणि पहाटेच्या गाडीने इंदूरच्या मंडईत जाते. इंदूरकर मराठी बायकांनो, सुदामा नगरात, लोकमान्य नगरात आपण जी ताजी जुडी निवडतो, तिच्या मुळाशी आपलंच आठवड्याआधीचं पाणी असू शकतं. शेतकऱ्याला पाणी हवंय, त्याला दोष देऊ नका. त्याला शुद्ध केलेलं द्या.

हरतालिकेला सासूबाई याच घाटावरून वाळू आणायच्या. ओंजळीत घेऊन, निथळून, परातीत. आता तिथली वाळू काळी आणि चिकट आहे. घरात सून-जावा बांधकामाच्या सामानाच्या दुकानातून पोतंभर रेती मागवतात, चाळून धुऊन घेतात आणि महादेव करतात. तुमच्या लाल दगडाच्या घाटावरही हेच चालेल.

चौथी, लहानशीच : कराच्या पावतीत सांडपाण्याचा आकार न चुकता लागून येतो. कशाचा ते लिहून कळवावं.

आणि मापाची गोष्ट. अधिकारी म्हणतात, केंद्र चालू झालं की नदी स्वच्छ होईल. तसं लगेच होणार नाही, लोकांना खोटी आशा दाखवू नका. आंघोळीच्या पाण्यात बीओडी लिटरमागे ३ मिलिग्रॅमच्या आत आणि विरघळलेला प्राणवायू किमान ५ मिलिग्रॅम असावा असा निकष आहे. आपल्यासारख्या गावातल्या केंद्रातून बाहेर सोडायच्या पाण्याला २०१७ च्या अधिसूचनेने ३० पर्यंत मुभा दिली. म्हणजे नियमात बसणारं पाणीसुद्धा आंघोळीच्या मर्यादेच्या दहापट. नदीत स्वतःचं पाणी वाहत असेल तर ते पातळ होऊन चालून जातं. आपल्या नदीत फेब्रुवारीनंतर स्वतःचं पाणी उरतच नाही, जे वाहतं ते वरच्या गावांनी सोडलेलंच असतं. म्हणून इथे कागदावरच्या ३० वर समाधान मानून भागणार नाही. केंद्रातून निघालेलं पाणी नदीत न सोडता आधी शेताला देणं, उरलेलं झाडाझुडपांच्या, वेताच्या-पानकणसाच्या तळ्यातून जिरवत नदीला पोचवणं, हा लहान गावाला जमणारा रस्ता आहे. मोठ्या शहराकडे त्यासाठी जागा नसते, तुमच्याकडे बायपासला आहे. तिथे सध्या जत्रेचे पाळणे लागतात.

पैसे नाहीत हे कारण सांगू नका. १ लाखाच्या आतल्या वस्तीच्या गावांना वापरलेल्या पाण्याच्या व्यवस्थेसाठी स्वच्छ भारत (शहरी) २.० मध्ये २०२१ पासून वेगळी तरतूद आहे. आणि सगळं पैशानेच होतं असंही नाही. कृष्णाकाठचं वाई आपल्यापेक्षा फार मोठं नाही, २०११ च्या जनगणनेत छत्तीस हजारांचं. तिथल्या नगर परिषदेने २०१८ पासून घरोघरचे सेप्टिक टँक ठरलेल्या क्रमाने, तीन वर्षांतून एकदा, स्वतःहून उपसायला सुरुवात केली. उपसण्याच्या दिवशी घरमालकाने वेगळे पैसे द्यायचे नाहीत, खर्च करातून. मैला नदीत नाही, प्रक्रिया केंद्रात. सिन्नरनेही तीच वाट धरली. वाईच्या घाटांचे फोटो तुमच्या सुशोभीकरणाच्या फाइलीत नमुना म्हणून लावलेले मी पाहिले. घाट बघितलात तसा टँकरही बघायचा होता.

कायदा तुम्हाला ठाऊक आहेच, तरी वाचकांसाठी : १९७४ च्या जल प्रदूषण कायद्याने प्रवाहात घाण सोडायला मनाई आहे, आणि ती नगर परिषदेलाही लागू आहे. फेब्रुवारी २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्थानिक संस्थांना सांडपाणी केंद्रं उभारायला तीन वर्षं दिली होती. ती मुदत कधीच सरली. नव्या पाइपाने अशुद्ध नाला नदीत सोडण्याचा ठराव करणं म्हणजे त्या मनाईचा भंग टेंडर काढून, सही-शिक्क्यानिशी करणं आहे.

तेव्हा मागण्या.

घाटाच्या कामातलं पाइपाचं कलम रद्द करा. त्याच पैशात नाल्याच्या तोंडाशी पाणी गोळा करणारी विहीर (संप-वेल) बांधून आणि पंप बसवून ते पाणी केंद्राकडे न्या. घाट त्यानंतर करा, दिव्यांसकट.

केंद्र चोवीस तास चालवा आणि विजेच्या बिलासाठी अंदाजपत्रकात वेगळं शीर्षक ठेवा. केंद्राच्या फाटकावर बीओडीचा फलक लावलात तर माझा विश्वास बसणार नाही, ते रजिस्टर मी पाहिलंय. दर महिन्याचं वीज बिल लावा. ब्लोअर चालला की युनिट पडतात, त्यात ‘वरीलप्रमाणे’ लिहिता येत नाही.

घरजोडणी मोहल्ल्यामोहल्ल्याने करा. पावसाळ्याआधी निदान बाजारपेठ आणि नाल्याकाठचे दोन वॉर्ड पुरे होऊ द्या. खोदलेला रस्ता त्याच महिन्यात बुजवा, म्हणजे मतदार नाराज होणार नाहीत. ज्यांना जोडणीचा खर्च एकदम झेपत नाही त्यांना हप्ते द्या.

टँकरवाल्यांची नोंदणी करा, मैला फक्त केंद्रावर रिकामा व्हावा, प्रत्येक फेरीची पावती असावी. त्यांचा धंदा बुडवू नका, तेच हे काम करू शकतात. रात्री पुलावर उभे राहतात ते दिवसा केंद्राच्या फाटकात उभे राहू द्या.

दर महिन्याला घाटाच्या वर, नाल्याच्या मुखाशी आणि स्टॉप डॅमच्या खाली, तीन ठिकाणचे नमुने लोकांसमोर घ्या, बाहेरच्या मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासा आणि निकाल परिषदेच्या दाराशी लावा. बाटल्या भरायला गावातल्या विज्ञानाच्या विद्यार्थ्यांना बोलवा, मी शिकवायला येईन, मानधन नको.

शुद्ध केलेल्या पाण्यावर पहिला हक्क खालच्या शेतकऱ्यांचा, असा ठराव करा. पाट किंवा पाइप टाकलात तर ते पाणीपट्टीही देतील, दीरांनी तसं माझ्यासमोर सांगितलंय आणि शेजारच्या तिघा शेतकऱ्यांनी लेखी देण्याची तयारी दाखवली आहे.

परिषदेच्या येत्या बैठकीत हा विषय घ्यावा, तारीख आधी कळवावी आणि मला हजर राहून दहा मिनिटं बोलू द्यावं. वर मागितलेल्या सांडपाण्याच्या आकाराचा हिशेब आणि केंद्राची गेल्या वर्षभराची वीज बिलं यांसाठी माहिती अधिकाराचा अर्ज वेगळा दिला आहे, त्याची तीस दिवसांची मुदत सुरू आहे. उत्तर लेखी द्या. जे उत्तर येईल ते मी याच वाचकांना जसंच्या तसं वाचायला देईन, तुमची बाजू एका शब्दानेही न कापता.

कळावे,
आपल्या परिषदेची एक करदाती
(हल्ली मुक्काम सुदामा नगर, इंदूर)